पलीकडच्या काठापर्यंत झोत

टॉर्च कसला, धूडच होतं ते! काळ्या पत्र्याची पेटी, वर जाड मूठ, पुढे थाळीएवढी काच आणि पोटात शिशाची अशी दणदणीत बॅटरी की हातात धरून दहा पावलंही चालवत नसे, सरळ खांद्यावर घ्यायचा. लक्ष्मीकांतमामाने तो ओवीच्या घरी टीपॉयवर ठेवला तेव्हा टीपॉय करकरला आणि आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय पाडलंत रे?"

"काही नाही ताई, प्रेत आणलंय," मामा म्हणाला. "कालच गेला बिचारा."

मामा दिवसभर रिफायनरीत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात प्राणी वाचवायचा. म्हणजे पावसाळ्यात बडोद्यातली विश्वामित्री नदी फुगली आणि कुणाच्या पार्किंगमध्ये स्कूटरशेजारी मगर येऊन बसली, की मामाचा फोन वाजलाच. हिवाळ्यात कारभार उलटा. तेव्हा मगरी कुणाकडे जात नाहीत, तर मामाची मंडळी त्यांच्याकडे जातात. संध्याकाळी अंधार पडला की उंच काठावर उभं राहायचं आणि पाण्यावर झोत टाकायचा. मगर स्वतः दिसत नाही, पण तिचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. ते मोजत मोजत पुढे जायचं. ही मोजणी. मामाच्या गटात चौघं जात. मामा, नोंदी ठेवणारे वसंतकाका, कॉलेजात शिकणारा दिग्विजय आणि चौथा कुणीतरी.

तो चौथा कुणीतरी आपण असावं, हे ओवीच्या डोक्यात दोन वर्षांपासून होतं. गेल्या वर्षी तिने चाचरत विचारलं होतं, तेव्हा मामा म्हणाला होता, "चौथं माणूस कामाचं लागतं गं," आणि ती गप्प बसून पोहे खायला गेली होती.

पण ती गेल्या वर्षीची ओवी! यंदा दहावीत शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये तिने पहिल्यांदा सोल्डरिंगची गन हातात धरली होती, स्टाफरूमचा बंद पडलेला पंखा चालू करून दाखवला होता, आणि प्रदर्शनात परीक्षकांपुढे एकदाही न अडखळता बोलली होती. तेव्हापासून तिचं तोंड आणि हात दोन्ही सुटले होते.

"बल्ब मिळत नाही, बॅटरी फुगलीये," मामा सांगत होता. "दुरुस्तीवाला म्हणतो, भंगारात द्या."

"नवा मागवू ना काका ऑनलाइन," मामाबरोबर आलेला दिग्विजय म्हणाला. त्याच्या कपाळावर पट्ट्याने बांधायचा नवाकोरा हेडलाइट होता, आणि भर दुपारी घरात बसून त्याने तो काढला नव्हता. "नाहीतर हा आहेच."

"तो गाडीखाली पडलेली किल्ली शोधायला बरा," ओवी म्हणाली. "मामा, हा मला दे. आतलं सगळं काढते. बल्बच्या जागी एलईडी, शिशाच्या जागी लिथियमचे सेल. आधीपेक्षा जास्त उजेड देईल आणि एका हातात मावेल. बोल!"

बाबांना चहाचा ठसका लागला. ते मकरपुऱ्याला एका इंजिनिअरिंग कंपनीत होते, आणि घरातल्या प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हरवर आपलाच हक्क आहे असं त्यांना वाटायचं.

मामाने भाचीकडे नीट पाहिलं. "मोजणी पुढच्या रविवारी. ह्याचा झोत पलीकडच्या काठापर्यंत पोचला, तर चौथी जागा तुझी. टॉर्चही तूच धरायचा. नाही पोचला, तर घरी बसून अभ्यास. कबूल?"

"कबूल! कबूल, कबूल, कबूल!"

"एकदा म्हटलं तरी कळतं गं," आई आतून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर ओवी लहरीपुऱ्यात. साड्यांची, बांगड्यांची, कुकरच्या रबरांची दुकानं ओलांडून आतल्या गल्लीत नीलेशभाईंचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. पूर्वी ती इथे बाबांच्या पाठीमागे उभी राहायची. आज काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली.

"बोलो बेन, शुं आपू?"

"सौथी मोटो एलईडी आपो, काका. सौथी मोटो!"

नीलेशभाईंनी दुकानातला सगळ्यात मोठा एलईडी काढला, एक पिवळी चकती, चांगली मारी बिस्किटाएवढी. ओवीचे डोळे त्या चकतीहूनही मोठे झाले. मग करंट आवरणारं छोटं सर्किट घेतलं, सेल घेतले आणि सेल बसवायची खोकी घेतली.

"शेना माटे?" एवढं सगळं कशाला, म्हणून त्यांनी विचारलं.

"मगर माटे," ओवी म्हणाली आणि नीलेशभाईंच्या चेहऱ्याकडे बघायला थांबलीच नाही.

घरी बाबांनी दोनच नियम घातले. सेलला सोल्डरिंगची गन लावायची नाही, कारण तापला तर पेटतो. म्हणून खोकी वापरायची. आणि सेल जास्त चार्ज झाले किंवा पार उतरले तर आपोआप करंट तोडणारं सर्किट लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. बाकी सगळं तिच्यावर सोडलं, असं ते म्हणाले. पण दर पाच मिनिटांनी, "मी काही बोलत नाही हं, पण ती वायर जरा..." असं चालूच होतं.

"बाबा, तू काही बोलत नाहीयेस ना?"

"छे छे!"

एलईडी तापणार, मग त्याची उष्णता कुठे जाणार? त्यासाठी बाबांनी कंपनीतून ॲल्युमिनियमचा एक जाड ठोकळा लेथवर कातून आणला. गोल, गुळगुळीत, पेटीत फिट्ट बसेल असा. ओवीने त्यावर पिवळी चकती बसवली आणि ठोकळा रिफ्लेक्टरच्या मागे घट्ट केला. रिफ्लेक्टर म्हणजे काचेमागची ती चकचकीत वाटी. फुगलेली बॅटरी बाबांनी दुकानात परत द्यायला बाजूला ठेवली, आणि टॉर्च इतका हलका झाला की ओवी तो एका बोटावर लटकवून घरभर नाचली.

बुधवारी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर चाचणी. मामा आला, दिग्विजय आला, खालच्या मजल्यावरची पोरं आली, दोन-चार काकू शाल गुंडाळून आल्या. ओवीने टॉर्च उचलला आणि बटण दाबलं.

अबब! गच्चीवर दिवस उगवला! पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले पायजमे, कोपऱ्यातली तुटकी खुर्ची, सगळं लख्ख. पोरांनी आरोळी ठोकली. एक काकू म्हणाल्या, "बेटा, उत्तरायणला पतंग उडवताना संध्याकाळी गच्चीवर लावशील ना गं?" दिग्विजयने डोळ्यांपुढे हात धरला. ओवीची छाती अशी फुगली की स्वेटर घट्ट झाला.

मामा मात्र कठड्यापाशी गेला. त्याने मैदानापलीकडच्या इमारतीवर बोट दाखवलं. "तिथल्या टाकीवर काय लिहिलंय, वाच."

ओवीने टॉर्च तिकडे रोखला. मैदान उजळलं. मैदानातला धुरकट अंधार उजळला, मधली झाडं फिकट दिसली. पण टाकी? टाकी कुठे होती तेही कळेना.

"ह्या उजेडात लग्न लागेल, ओवी," मामा हळूच म्हणाला. "मगर काही दिसायची नाही."

पोरं हसली. मामा चेष्टेने बोलला नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. "शनिवारपर्यंत वेळ आहे," असं म्हणून तो जिना उतरला. दिग्विजयने जाता जाता कपाळावरचा हेडलाइट दोनदा चालू-बंद केला, टिक टिक. मेला!

ओवी खोलीत येऊन बसली. एवढा उजेड! आधीच्या बल्बपेक्षा कितीतरी जास्त! मग तो जातो कुठे? तिने टॉर्च भिंतीकडे वळवला आणि भिंत, छत, कपाट, अर्धा पलंग, सगळं एकदम उजळलं. उजेड होता, पण सांडलेल्या दुधासारखा चारी दिशांना पसरत होता.

समोर टेबलावर विज्ञानाचं पुस्तक उघडं होतं. सोमवारी युनिट टेस्ट, धडा प्रकाशाचा. तिने पुस्तकाकडे पाहिलं, मग टॉर्चच्या वाटीकडे, मग परत पुस्तकाकडे. आणि एकटीच खो-खो हसत सुटली.

"काय झालं गं?" बाबा धावत आले.

"बाबा! अंतर्गोल आरशाच्या नाभीपाशी दिवा ठेवला की किरण समांतर निघतात. म्हणून टॉर्चमध्ये अंतर्गोल आरसा वापरतात. हे उत्तर मी सहामाहीत लिहिलंय! आकृतीसकट! पूर्ण मार्क मिळालेत मला!"

"मग?"

"मग काय मग! नाभी म्हणजे एक ठिपका! आणि मी त्या ठिपक्यावर बिस्कीट ठेवलं!"

बाबांना समजायला क्षणभर लागला. चकती एवढी मोठी की तिचा थोडासाच भाग वाटीच्या त्या नेमक्या जागी होता. बाकी सगळा उजेड वाकडातिकडा सुटत होता. जास्त उजेड वेगळा आणि लांब पोचणारा उजेड वेगळा, आणि ओवीने मोठ्याच्या मोहात पडून दोन्हींची गल्लत केली होती.

गुरुवारी पुन्हा लहरीपुरा.

"नीलेशकाका, सौथी नानो एलईडी आपो. पण तेज पाहिजे हं, एकदम तेज."

"मगर नानी थई गई?" नीलेशभाईंनी, मगर खरंच लहान झाल्यासारख्या गंभीर चेहऱ्याने विचारलं.

ह्या खेपेचा सगळ्यात लहान एलईडी तुरीच्या दाण्याएवढा होता. बाबांनी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर मध्यभागी एक बुटका खांब बसवून आणला, म्हणजे दाणा वाटीच्या आत बरोबर पुढे यावा. शुक्रवारी संध्याकाळी दोघांनी घरातले दिवे मालवले आणि झोत खिडकीतून मैदानापलीकडच्या त्या टाकीवर टाकला.

टाकीवर मेदूवडा उमटला. खरंच! कडेला उजेडाचं कडं आणि मधोमध काळं भोक.

"दाणा मागे पडलाय," बाबा म्हणाले.

"किंवा पुढे आलाय," ओवी म्हणाली. "तू काही बोलत नाहीयेस ना?"

खांबाखाली पातळ वॉशर घालून दाणा पुढे सरकवायचा असं ठरलं. एक वॉशर घातला आणि भोक वाढलं. म्हणजे ओवीचं खरं होतं! तिने बाबांकडे असं पाहिलं की बाबांना तातडीने पाणी प्यावंसं वाटलं. मग वॉशर काढून खांबच कानशीने घासायचा. जरासं घासायचं, बसवायचं, बघायचं. पुन्हा काढायचं, पुन्हा घासायचं. वड्याचं भोक लहान होत गेलं. आईने दोनदा जेवायला हाक मारली. बोटांना ॲल्युमिनियमची काळी भुकटी, केस डोळ्यांत, आणि मग एका खेपेला बटण दाबलं तर भोक नाहीच! टाकीवर नाण्यासारखा घट्ट, पांढरा गोळा, आणि त्या गोळ्यात रंगाने लिहिलेलं अक्षर न् अक्षर.

"आर! ओ! स्वच्छ! पीने का पानी!" ओवी खिडकीतून ओरडत सुटली. समोरच्या इमारतीतलं एक कुटुंब बाल्कनीत आलं. तिने त्यांनाही हात केला.

शनिवारी मामाने टाकी वाचली. त्याने ओवीच्या डोक्यावर टपली मारली. "उद्या सहाला तयार राहा. आणि गडद कपडे घाल. तो पोपटी स्वेटर नको."

रविवारी अंधार पडला तेव्हा मामाचा गट नदीच्या उंच काठावर, तारेच्या कुंपणाआड उभा होता. बाबा गाडीपाशी थांबले होते. खाली विश्वामित्रीचं काळं पाणी, पलीकडे बाभळींची रांग आणि वर थंडीने काकडलेले तारे.

"पहिली पाळी माझी, इंजिनियरबाई," दिग्विजय म्हणाला आणि ओवीच्या हातातून टॉर्च जवळजवळ ओढूनच घेतला. "अरे वा, पिशवीसारखा हलका झालाय की!" त्याने पिशवीसारखाच मुठीला धरला, कमरेशी, आणि बटण दाबलं.

पांढरी काठी सुटावी तसा झोत सुटला, सरळ पाणी ओलांडून पलीकडच्या काठावर. बाभळीचं एकेक पान दिसलं. वसंतकाकांच्या तोंडून "आहाहा" निघालं. ओवीला उडी मारावीशी वाटली, पण मोजणीत उड्या मारत नाहीत म्हणून तिने बुटाच्या आतल्या आत बोटं नाचवली.

झोत पाण्यावरून हळूहळू फिरला. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

काहीच नाही. गेल्या वर्षी ह्याच वळणावर चांगले दहा-बारा निखारे होते, असं वसंतकाका म्हणाले. यंदा एकही नाही. मामाने स्वतः टॉर्च घेऊन फिरवला, तोही कमरेशी धरून. एक पाणकोंबडी तेवढी पंख फडफडवत उडाली.

"झोत तर पोचतोय," मामा पुटपुटला. "पण हा नवा पांढरा उजेड त्यांना सोसत नसेल. बुडी मारत असतील." त्याने दिग्विजयकडे पाहिलं. "तुझ्याकडे ऑनलाइनचा तो फोटो होता ना? मागवून टाकू. आज राहू दे, उगाच चुकीची मोजणी लिहायला नको."

टाकी वाचता आली, पान दिसलं, आणि मगरच नाही! म्हणजे चौथी जागा गेली, मोजणी गेली, आणि तिच्यामुळे आजची संध्याकाळही फुकट गेली. रडू आलं असतं, पण तेवढ्यात दिग्विजय ओरडला, "ए, एक मिनिट! दिसली! माझ्या हेडलाइटने दिसली! अगदी जवळ, ह्या काठाला!"

"कुठे?" मामा पुढे आला. "मला नाही दिसत."

"ती काय! लाल! बघा ना समोर!"

मामाला दिसेना, वसंतकाकांना दिसेना. फक्त दिग्विजयला दिसत होती.

आणि ओवीचं डोकं सुरू झालं. तिच्या टॉर्चच्या पासंगालाही न पुरणारा हेडलाइट, त्याला मगर दिसते. टॉर्चला दिसत नाही. शेजारी उभ्या मामाला तर त्याच हेडलाइटच्या उजेडातही दिसत नाही. का? सायकलच्या मागची लाल काच! गाडीच्या दिव्यात ती चमकते ती गाडीवाल्याला, बाजूने चालणाऱ्याला नाही. कारण उजेड जिथून आला तिथेच ती परत पाठवते. दिग्विजयचा दिवा होता कपाळावर, डोळ्यांना चिकटून. आणि मामाचा जुना धूड टॉर्च? तो तर कुणाला हातात पेलवतच नव्हता. तो खांद्यावर असायचा. गालाला लागून!

"मामा, टॉर्च दे."

"ओवी, राहू दे आता..."

"दे ना मामा! टॉर्च बरोबर आहे, धरायची जागा चुकलीये! जुना जड होता म्हणून तुम्ही खांद्यावर घ्यायचात. मी तो हलका केला आणि तो कमरेवर उतरला. मगरीचे डोळे उजेड जिथून येतो तिथेच परत टाकतात. तुमच्या कमरेला दिसतायत मगरी, डोळ्यांना नाही!"

वसंतकाका हसले, पण मामा हसला नाही. त्याने टॉर्च तिच्या हातात दिला.

ओवीने तो दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर ठेवला. थंड पत्रा गालाला लागला. बटण दाबलं.

ओ हो हो हो! पाण्यावर एक निखारा पेटला. मग दुसरा. झोत जसा सरकेल तसे नदीतून निखारेच निखारे! तांबडे, स्थिर, न मिटणारे. पलीकडच्या बाभळीखाली दोन, मधल्या वाळूच्या पट्ट्यावर तीन, आणि अगदी कडेला लहान लहान ठिणग्यांचा पुंजका. पिल्लं!

ओवीच्या अंगावर काटा आला. तिला किंचाळायचं होतं, सगळ्या बडोद्याला हाका मारायच्या होत्या. "मामा," ती श्वास रोखून कुजबुजली, "मामा, मामा, मामा."

"कुठायत? आम्हाला अजून नाही दिसत."

"गाल आण इकडे. टॉर्चच्या ह्या बाजूला."

मामाने वाकून टॉर्चला गाल लावला. एका बाजूला भाची, एका बाजूला मामा, मध्ये पत्र्याची पेटी. मग त्याच्या तोंडातून इतकंच निघालं, "अगं आई गं!"

"मला, मला!" वसंतकाका मामाला ढकलून पुढे घुसले. त्यांचा मफलर काचेपुढे आला आणि सगळी नदी विझली. "काका, मफलर!" असा तिघांनी एकदम दबका ओरडा केला.

मग रांगच लागली. जो गाल लावेल त्याला मगरी दिसत. दिग्विजय शेवटी आला, हेडलाइट काढून खिशात घालून. त्याने पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "ओवी, हे कसलं भारी आहे यार."

"लिहा, वसंतकाका," मामा म्हणाला. त्याचा आवाज आता मोजणीचा झाला होता. "पहिल्या वळणापासून. ओवी सांगेल तसं. ओवी, झोत डावीकडून सुरू कर. घाई नको, एकेक करत ये."

ओवीने पाय रोवले. खांदा आत्ताच दुखायला लागला होता आणि बोटं थंडीने लाकडी झाली होती.

"जरा मी धरू का?" दिग्विजयने विचारलं. "दमशील."

"पुढच्या वळणावर," ती म्हणाली, आणि बाभळीखालचा पहिला निखारा झोतात धरून मोजायला लागली.